नानांचा टक्केवारीचा वर्ग

डॉ. दामोदर पाटील यांची आणि माझी पहिली भेट धुळ्याच्या देवपुरात, त्यांच्या दवाखान्यावरच्या हॉलमध्ये झाली. मी जळगावात नुकतीच प्रॅक्टिस सुरू केली होती. ‘वर्गाला या’ असा त्यांचा निरोप आला, म्हणून एसटीने धुळ्याला गेले. नमस्कार झाल्याबरोबर ते म्हणाले, “डॉक्टर, उजवा अंगठा द्या.” मला वाटलं, हजेरीची शाई लावणार. त्यांनी माझा अंगठा तळहाताशी बँडेजने घट्ट बांधला, बाकीच्या डॉक्टरांचेही बांधले आणि म्हणाले, “संध्याकाळपर्यंत सुटणार नाहीत. आता जेवायला चला.” खाली त्यांच्या पत्नी सुमनअक्का ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी वाढत होत्या. अंगठ्याशिवाय भाकरीचा तुकडा मोडून बघा एकदा! “पहिल्याच दिवशी हा काय छळ!” असं मी अक्कांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने पुटपुटले. अक्का शांतपणे म्हणाल्या, “पोरी, मला तर लग्न झाल्यापासून आहे.”

त्या दिवसापासून डॉ. पाटील माझेही नाना झाले. त्यांच्या उपक्रमाला आम्ही ‘टक्केवारीचा वर्ग’ म्हणतो. टक्केवारी म्हटलं की आपल्याकडे लोकांच्या मनात भलतंच येतं, म्हणून खुलासा करते. डाळमिलमध्ये, पाइपच्या कारखान्यात, कापसाच्या जिनिंगमध्ये काम करताना माणूस जायबंदी होतो. उपचार संपल्यावर त्याला कायमचं अपंगत्व किती टक्के आलं, हे डॉक्टरांना लिहून द्यावं लागतं. त्या आकड्यावर त्याची भरपाई ठरते, पुढे कोणतं काम जमेल हेही ठरतं. आणि हे मोजायचं कसं, ते आम्हाला कॉलेजात कुणी धड शिकवलेलं नव्हतं. नाना स्वतः हाडांचे डॉक्टर. कुणी सांगितलं नसताना त्यांनी तालुक्या-तालुक्यांतले डॉक्टर गोळा करून हे शिकवायला सुरुवात केली. दर वर्षी नवे डॉक्टर, पण शिकवणारे तेच.

यंदा नानांना पंचाहत्तरावं वर्ष लागलं. गौरवग्रंथासाठी लेख द्या, असं समितीने कळवलं तेव्हा मी चटकन होकार दिला नाही. पोळ्याच्या सुमारास नानांना अर्धांगाचा झटका आला होता आणि उजवा हात लुळा पडला होता. ‘वर्ग संपला’ असं ते भेटेल त्याला सांगू लागले होते. वर्ग नसलेले नाना ही कल्पनाच मला सहन होत नव्हती, मग त्यांच्यावर गौरवलेख कसला लिहिणार? वर्गाचं पुढे काय झालं ते सांगणारच आहे, पण नाना शिकवतात कसे ते आधी सांगितलं पाहिजे.

एकदा सातपुड्याच्या पायथ्याच्या गावातून सोनाबाई नावाच्या बाई तपासणीला आल्या होत्या. डाळमिलच्या पट्ट्यात त्यांचा हात सापडला होता. आमच्यातल्या एका डॉक्टरांनी विचारलं, “दुखतं का?” बाई पदर सावरत म्हणाल्या, “नही साहेब, बठ्ठं बरं शे.” डॉक्टर निश्चिंत झाले आणि आकडा लिहायला लागले. नाना खुर्चीवरून उठले, बाईंसमोर स्टुलावर बसले आणि अहिराणीत पाऊसपाण्याच्या, पोराबाळांच्या गप्पा मारू लागले. बोलता बोलता त्यांनी विचारलं, “घरमा भाकरी कोन थापस?” “मनी पोर,” म्हणजे माझी मुलगी, असं बाई म्हणाल्या. “आनि वेणी?” “तीबी पोरच घालस.” धुणं पोर, पाणी पोर, जात्याजवळ पोर! ज्या हाताला ‘बठ्ठं बरं’ होतं, तो हात घरात काहीच करत नव्हता.

सोनाबाई गेल्यावर नाना आम्हाला म्हणाले, “आपल्या माणसांना मोठ्या माणसापुढे स्वतःचं दुखणं काढणं शोभत नाही असं वाटतं. पाहुण्याला सांगावं तसं ते डॉक्टरलाही सगळं बरं आहे म्हणून सांगतात. ते खोटं बोलत नाहीत हो, रीत पाळतात. तुम्ही त्यांचा दिवस कसा जातो ते विचारा. तरीही कळलं नाही, तर घरच्यांना विचारा.” मी आजही तसंच करते.

याचा अर्थ नाना पाझरणाऱ्यांतले आहेत असं कुणी समजू नये. त्यांच्या सख्ख्या भाच्याचा गुडघा कारखान्यात दुखावला. मामाच डॉक्टर, म्हणून घरचे निर्धास्त होते. नानांनी त्याला माझ्याकडे जळगावला पाठवलं आणि फोनवर एवढंच म्हणाले, “तो माझा भाचा आहे हे विसरा.” मी विसरले. आकडा घरच्यांच्या अपेक्षेपेक्षा बराच खाली आला, आणि पुढे कितीतरी लग्नकार्यांत अक्कांना टोमणे खावे लागले. नानांनी मला कधी एका शब्दाने विचारलं नाही. भाच्याला मात्र गुडघा नीट वाकेपर्यंत ते सकाळी सकाळी पांझरा नदीच्या काठाने चालायला नेत होते.

माझ्यावरचं त्यांचं ऋण तर निराळंच आहे. माझी मुलगी तान्ही असताना मी वर्ग सोडते असं त्यांना कळवलं. त्यांनी उत्तर दिलं नाही. पुढच्या वर्गाच्या दिवशी सकाळी आमच्या जळगावातल्या मेहरूणच्या घरापुढे रिक्षा थांबली. नाना उतरले, मागून हाडांचा सांगाडा उतरला, त्यामागून चार-पाच डॉक्टर. “तुम्हाला येता येत नाही ना? म्हणून आम्ही आलो,” नाना म्हणाले. शेजारच्या आजी सांगाडा बघून दार लावून बसल्या त्या संध्याकाळपर्यंत बाहेर आल्या नाहीत. तेव्हापासून वर्ग आलटून पालटून धुळ्याला आणि मेहरूणला भरू लागला.

आता यंदाचं सांगते. दिवाळी झाली आणि अक्कांचा फोन आला, “तू ये गं. हे नुसते हाताकडे बघत बसतात. बोलायला जावं तर खेकसतात.” मी देवपूरला गेले. नाना ओसरीवर बसले होते, उजव्या हातावर शाल ओढलेली.

“बरं झालं आलात,” ते म्हणाले. “तपासा आणि लिहून द्या, कायमचं अपंगत्व. म्हणजे तुम्ही सगळे त्या वर्गाचा नाद सोडाल.”

“नाना, हात सुधारत असेल तोवर ‘कायम’ लिहायचं नसतं,” मी म्हटलं.

“मला शिकवू नका. कुठे सुधारतोय? माझा हात मला कळतो.”

मला रडू आलं आणि रागही आला, पण राग पुढे आला. मी म्हटलं, “मी एकटी काही लिहिणार नाही. मेहरूणला वर्ग बोलावते. शिकवायला येऊ नका, पेशंट म्हणून या. नवे डॉक्टर तपासतील आणि ते काय ठरवतात ते तुम्ही मानायचं. ते ‘कायम’ म्हणाले तर वर्ग बंद. पुन्हा कुणी तुम्हाला त्रास देणार नाही.”

“फार शहाण्या झालात,” नाना म्हणाले. पण आले.

संक्रांतीनंतरच्या एका रविवारी नाना आमच्या हॉलमध्ये स्टुलावर बसले, मागे खुर्चीवर अक्का. नवे डॉक्टर बिचारे घाबरून गेले होते. एकाने तर नानांचा हात प्रसाद घ्यावा तसा घेतला. नाना कडाडले, “माझा मान राखू नका, हात तपासा!” मग एकेकाने पकड बघितली, मनगट-कोपर वाकवून कोन मोजले आणि आकडे सांगितले. सगळे आकडे ‘कायम’चे. प्रत्येक आकड्याला नाना मान हलवत होते आणि माझ्याकडे बघत होते, झालं का समाधान, अशा नजरेने. हे काय करून बसलो आपण, असं मला वाटायला लागलं.

शेवटी शिरपूरच्या डॉ. रेश्मा उठल्या. त्यांनी हात तपासला, मग नानांना तसंच सोडून त्या अक्कांजवळ गेल्या. दोघी हळू आवाजात बराच वेळ बोलल्या. परत येऊन त्या म्हणाल्या, “सर, मी आज आकडा देणार नाही. तुमचा हात अजून सुधारतोय.”

“कशावरून?” नानांनी विचारलं.

“दिवाळीत तुमच्या हातात बशी राहत नव्हती, आता राहते. आणि परवा झोपेत तुम्ही उजव्या हाताने पांघरूण ओढून घेतलंत.”

नाना सावकाश मागे वळून अक्कांना म्हणाले, “तू मला बोलली नाहीस?”

“तुम्ही विचारलंत कधी?” अक्का म्हणाल्या. “साऱ्या खान्देशातल्या बायाबापड्यांना विचारत फिरलात.”

आणि नाना हसले. आजारपणानंतर पहिल्यांदा, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. मग स्टुलावर बसूनच त्यांनी बाकीच्या डॉक्टरांना असं काही फैलावर घेतलं की चहा गार होऊन गेला, तरी कुणाची उठायची हिंमत झाली नाही. मी स्वयंपाकघरात जाऊन मनसोक्त रडले.

नानांना उदंड आणि निरोगी आयुष्य लाभो, ही आम्हा सर्व विद्यार्थ्यांची मनापासूनची प्रार्थना आहे. हात किती बरा होईल ते मला माहीत नाही, आणि उगाच गोड लिहिलेलं नानांना खपणार नाही. पण नाना, तुमच्या बाबतीत ‘कायम’ लिहायची वेळ आमच्यापैकी कुणावर लवकर येऊ नये. पुढच्या वर्गाला पुन्हा तपासू, त्याच्या पुढच्यालाही तपासू. फक्त तुमचं काही ऐकणार नाही, आधी अक्कांना विचारू.