लातुरात आलेली भरती

माझा विषय सागरी इतिहास. आरमारं, बंदरं, समुद्रावरची रणनीती. पीएच.डी. नांदेडला केली, शिकवते लातूरला, आणि गाव चाकूरजवळ. समुद्र मी पहिल्यांदा पाहिला तो विषय मंजूर झाल्यावर, आणि तेव्हाही ओहोटी होती. बराच वेळ मी चिखलाकडे आदराने बघत उभी होते.

गावातले काका अजून विचारतात, "बाई, चाकूरला बंदर कधी निघतंय?" देवणी बैलावर प्रबंध लिहिला असता तर आम्ही वाचला तरी असता, असं त्यांचं म्हणणं.

मी पत्रकांवर वाढले. वडील शेती करायचे आणि चळवळीची पत्रकं लिहायचे. माझी अक्षरओळख त्या पत्रकांवरूनच झाली, त्यामुळे 'धिक्कार' हा शब्द मला 'कमळ'च्या आधी वाचता आला. प्रबंधाच्या एका प्रकरणाचा शेवट मी "पोर्तुगीजांनो, जवाब द्या" असा केला होता. मार्गदर्शक सरांनी त्यावर शांतपणे रेघ मारली. "ते गेलेत आता," ते म्हणाले. "आवाज जरा कमी करा."

वडिलांचा नियम एकच होता: पत्रक कितीही तापलेलं असू दे, वाचणाऱ्याची फसवणूक नको. हा नियम मी फारच मनावर घेतला. लातुरात तासिका तत्त्वावर लागल्यावर पहिलं पत्रक काढलं ते भरती अकादम्यांविरुद्ध. वर्दीचं आमिष दाखवून पोरांकडून फी उकळणाऱ्यांचा जाहीर धिक्कार.

मग माझ्याच वर्गावर गदा आली. प्राचार्य म्हणाले, "मॅडम, सागरी इतिहासाला शनिवारपर्यंत पुरेशी नावं आली तर ठीक. नाहीतर वर्ग बंद." वर्ग बंद म्हणजे माझे तासही बंद. एक जाहीर व्याख्यान ठेवा, पोरं येतील, असं त्यांनीच सुचवलं.

समुद्राच्या भरतीचा आरमारं कसा उपयोग करतात, हा विषय मी घेतला. पत्रक अर्थातच स्वतः लिहिलं. वर सगळ्यात मोठ्या अक्षरांत 'भरती'. त्याखाली 'नौदल, बंदर आणि संधीची वेळ'. मग 'तरुणांनो, ही वेळ पुन्हा येत नाही. प्रवेश मोफत.' 'व्याख्यान' हा शब्द तळाशी, उरलेल्या जागेत. भरती दिवसातून दोनदा येते हे मला माहीत होतं, पण पत्रक लिहायला बसले की मला काही माहीत नसतं.

छापखान्याचे मालक म्हणाले, "मॅडम, शेवटची तारीख टाकायची राहिली की."

"इतिहासाला शेवटची तारीख नसते," मी म्हणाले. त्यांनी मान डोलावली आणि छापून दिलं.

व्याख्यानाच्या दिवशी सभागृह भरलं. भिंतीला टेकून पोरं उभी. ट्रॅकपँट, पायांत पळायचे बूट, काहींच्या हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत दाखले. लातूरला समुद्राची एवढी ओढ होती आणि आपल्याला कळलंच नाही, या विचाराने मी भाषणात आणखी दोन बंदरं वाढवली.

पहिल्या रांगेतल्या मुलीने हात वर केला. "मॅडम, उंची आजच मोजणार हाय का? मी ग्राउंडवरून तशीच आले."

तेव्हा कुठे मला माझं पत्रक नीट वाचता आलं.

प्राचार्यांनाही कळलं होतं. ते हसतमुखाने व्यासपीठावर आले आणि माझ्या कानाशी पुटपुटले, "आधी नावं लिहून घ्या. मग सावकाश सांगा." सल्ला उत्तम होता. माझा वर्ग वाचणार होता. फक्त मी ज्यांचा जाहीर धिक्कार केला होता, ते नेमकं हेच करत होते.

मी माइक ओढला. "ही समुद्राची भरती आहे. पाणी चढतं ती. इथे कोणाला नोकरी मिळणार नाही."

"पाणी? लातुरात?" मागून कोणीतरी म्हणालं. सगळं सभागृह हसलं.

"भरतीच्या परीक्षेत येतं का हे?"

प्राचार्य माझ्याकडे आशेने बघत होते. "नाही," मी म्हणाले.

ओहोटीचं वर्णन मी प्रबंधात अनेकदा केलं होतं. एवढी वेगवान ओहोटी पाहिली नव्हती.

पहिल्या रांगेतली ती मुलगी आणि तिच्या मैत्रिणी मात्र बसून राहिल्या. "आता आलोत तर सांगा की," ती म्हणाली. तयारी केलेलं भाषण रिकाम्या खुर्च्यांना फारच मोठं होतं. मी साधंच सांगितलं. बंदर उथळ असेल तर मोठं जहाज बाहेरच थांबतं. कितीही ताकद असली तरी पाणी चढेपर्यंत आत येता येत नाही. तोवर सगळं तयार ठेवायचं आणि थांबायचं.

"म्हणजे आमच्यासारखंच," ती मैत्रिणींकडे बघून म्हणाली. "लई दिवस झाले, आम्हीबी वाटच बघून राहिलोत."

यावर एक घणाघाती पत्रक लिहावं असं फार वाटलं, पण तिच्या वाक्यात मला काही वाढवता येईना.

शनिवारी प्राचार्य वर्ग बंद केल्याची नोटीस लिहायला बसले, तेवढ्यात ती आली. मागे ग्राउंडवरच्या बऱ्याच मुली होत्या. वर्ग सकाळी हवा, पळून झाल्यावर, एवढीच तिची अट. प्राचार्यांनी सगळी नावं लिहून घेतली आणि नोटीस खणात ठेवली, पुढच्या वर्षी लागेल म्हणून.

वडिलांचा पत्रकाचा नियम मला अजून स्वस्थ बसू देत नव्हता. "हे परीक्षेत येत नाही," मी तिला पुन्हा बजावलं. "लक्षात आहे ना?"

"हाव मॅडम," ती बुटाची नाडी बांधत म्हणाली. "आमची भरती निघस्तोवर तुमची करतो."