स्केलर कोणी निवडला

माणसं दर रविवारी एका टेबलाभोवती बसायला लागली की कामापेक्षा किस्सेच जास्त साठतात. आम्ही तिघांनी तीन वर्षांत यंत्र एकच बनवलं. त्याचे किस्से सांगितले की लोक हसतात. मीही आधी हसायचे.

तिघं म्हणजे मी, शाळेत फिजिक्स शिकवणारी, जन्म कलकत्त्यातल्या बागबाजारचा. नितीन दाताचा डॉक्टर. त्याच्या बालीगंजच्या फ्लॅटवर आम्ही जमायचो. आणि करमरकर, सरकारी कंपनीतले इंजिनिअर, पुण्याहून बदलीवर आलेले. माझ्याकडे लहानपणीचा टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम होता. त्याला स्क्रीन आणि बॅटरी लावून हातात मावणारा कन्सोल करायचा, असं ठरलं. अडचण एवढीच, की त्याचं चित्र जुन्या डबा टीव्हीसाठी केलेलं. नव्या स्क्रीनला ते झेपत नाही. मध्ये ते बदलून, मोठं करून देणारा एक छोटा बोर्ड लागतो. तो स्केलर. बाजारात ढीगभर मिळतात. कुठला घ्यायचा, इथेच गाडं अडलं.

*

करमरकरांनी एक्सेल शीट केली. शार्पनेस, रंग, कुठल्या देशाचा माल, असे अकरा कॉलम.

मी विचारलं, "बॅटरी किती खातो, तो कॉलम?"

"मॅडम, आधी क्वालिटी बघायची."

परदेशातून बोर्ड आला. चित्र खरंच सुंदर. पण अर्ध्या तासात बॅटरी संपली, आणि बोर्ड एवढा तापला की प्लास्टिकची केस वाकली.

"अहो, मग हा पोर्टेबल कसा?" नितीनने विचारलं.

करमरकर शांतपणे म्हणाले, "ह्या खोलीतून त्या खोलीत नेता येतो ना?"

*

दुसरा बोर्ड गार राहायचा. पण मी खेळायला घेतलं की दर उडीला खड्ड्यात. लहानपणी ह्याच गेममध्ये मी भावाला रडवायचे.

"हा चित्र उशिरा दाखवतोय," मी म्हटलं.

"वय झालं की हात स्लो होतात, मॅडम."

नितीन हसला. पुढचे तीन आठवडे मी घरी रबरी चेंडू दाबून बोटांचे व्यायाम केले. हे आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

*

शेवटी मी बिमलदांना घेऊन आले. सियालदहजवळ त्यांचं टीव्ही दुरुस्तीचं एवढंसं दुकान, वय साठीच्या पुढे. टॅक्सीत घालून एक जुना डबा टीव्ही आणला त्यांनी. चेंडूच्या एका गेमचं चित्र एकाच वेळी टीव्हीला आणि आमच्या स्क्रीनला दिलं. टीव्हीवर चेंडू भिंतीला लागून परत फिरला, तेव्हा स्क्रीनवरचा चेंडू भिंतीपर्यंत पोचलाही नव्हता.

सगळ्यांनी पाहिलं. मी करमरकरांकडे बघितलं.

"ह्यांचा टीव्ही फास्ट चालतोय," ते म्हणाले.

*

त्याच दिवशी बिमलदांनी मोडक्यातोडक्या हिंदीत उपाय सांगितला. गाडी मागे घेताना कॅमेऱ्याचं चित्र दाखवणारा छोटा स्क्रीन असतो, त्यातला बोर्ड घ्या. तिथे चित्र उशिरा आलं तर माणूस भिंतीवर आदळेल, म्हणून तो उशीर करत नाही. बॅटरीही कमी खातो.

करमरकर मराठीत म्हणाले, "कुठून भंगारवाला पकडून आणलात?"

कलकत्त्यात मराठीचा हा एक फायदा आहे, माणसाच्या तोंडावर बोलता येतं. नितीन हसला. मी बिस्किटांची बशी पुढे केली. बिमलदांनी चहा संपवला, कप स्वतः विसळून ठेवला आणि टीव्ही उचलून गेले.

*

आणखी दोन परदेशी बोर्ड फुकट गेल्यावर करमरकर मला बाजूला घेऊन म्हणाले, "तो गाडीवाला बोर्ड आणून बघा. पण त्याच्याकडून नको. उगीच डोक्यावर बसेल."

मी दुसऱ्या दुकानातून आणला. बसवला. पहिल्याच उडीला खड्डा पार झाला. दुपारभर खेळलो, बॅटरी संपली नाही.

करमरकरांनी शीटमध्ये सगळ्यात वर नवी ओळ घातली. निवडीचं कारण: स्वतःचं संशोधन. फाइल माझ्या लॅपटॉपवर होती. मी सेव्ह केली.

*

गणपतीत आमच्या महाराष्ट्र मंडळात छोटं प्रदर्शन होतं. तिथे कन्सोल ठेवला, आणि मी बिमलदांना बोलावलं. इस्त्रीचा शर्ट घालून, संदेश मिठाईचा डबा घेऊन आले.

करमरकर माइकवर मराठीत सांगत होते, "ह्या यंत्राचा जीव म्हणजे स्केलर. तो शोधायला मला आठ महिने लागले. कोणाचीही मदत नाही."

बिमलदांनी माझ्याकडे वाकून विचारलं, "की बोलछेन?"

काय म्हणतायत ते.

"म्हणतायत, हा बोर्ड तुम्ही सुचवलात," मी बंगालीत सांगितलं.

ते टाळ्या थांबेपर्यंत उभे राहिले. मग पुढे जाऊन त्यांनी करमरकरांचा हात दोन्ही हातांत धरला. इतकी वर्षं लोकांचे टीव्ही दुरुस्त केले, पण हे काम ह्या माणसाचं आहे, असं चार लोकांत कोणी कधी सांगितलं नव्हतं, असं बराच वेळ बंगालीत बोलत राहिले. करमरकरांना तीन वर्षांत बंगाली आलेली नाही. ते हसून मान डोलवत होते.

मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "काय म्हणतोय हा?"

"म्हणतायत, चित्र छान आलंय," मी सांगितलं.