खोडायचं नाही, खाली लिहायचं

मोंडकर मॅडम कोऱ्या कागदावर आधी एक उभी रेघ मारायच्या. स्टीलची पट्टी ठेवून, बरोबर मधोमध. मग डावीकडे वर लिहायच्या ‘पाहिले’ आणि उजवीकडे ‘ऐकले’. समोरच्या खुर्चीत बसलेल्याने तोंड उघडायच्या आधीच हा कागद तयार असायचा. मग तुम्ही रडून बोला, चिडून बोला, इंग्रजीत बोला, त्या पेन हवेत धरून एवढंच विचारायच्या, “बघितलंस की ऐकलंस?”

अंधेरीच्या आमच्या कॉलेजात त्या हेडक्लार्क होत्या. शिस्तपालन समितीपुढे जाणारे जबाब लिहून घ्यायचं काम त्यांच्याकडे होतं. मुलं त्यांना पाठीमागे ‘पट्टी’ म्हणायची. आमच्या संघटनेत त्यांचं नाव होतं ‘प्रशासनाची चमची’. ते नाव मी ठेवलं होतं. संघटनेची पत्रकं मीच लिहायचे, त्यामुळे लोकांना नावं ठेवणं हे माझंच खातं होतं.

गेल्या महिन्यात मॅडम गेल्या. रिटायर होऊन त्यांना दोन वर्षंसुद्धा झाली नव्हती. कॉलेजच्या गेटवर सध्या दोन फ्लेक्स लागलेत. एक माझ्या जुन्या संघटनेचा, दुसरा समोरच्यांचा. विरोधी संघटनेला आम्ही ‘समोरचे’ म्हणायचो, तेही आम्हाला तेच म्हणायचे. एका फ्लेक्सवर लिहिलंय ‘विद्यार्थ्यांची माऊली हरपली’. दुसऱ्यावर ‘विद्यार्थ्यांचा आधारवड कोसळला’. दोन्हीकडे फोटो एकच, ओळखपत्रावरचा, चिडका. खाली मात्र हात जोडलेल्या कार्यकर्त्यांचे फोटो मॅडमच्या फोटोपेक्षा मोठे. हे बघून माझं डोकं फिरलं, म्हणून लिहायला बसले. मॅडम कोणाची माऊली नव्हत्या आणि वड तर नव्हत्याच. त्या हेडक्लार्क होत्या आणि ते काम त्यांच्यासारखं करणारं माणूस मी अजून पाहिलेलं नाही.

राहायच्या दहिसरला. वडील मालवणकडून गिरणीत आलेले. ऑफिसात मॅडम शुद्ध सरकारी मराठी बोलायच्या, पण वैतागल्या की मालवणी बाहेर यायची. एकदा एक मुलगा तक्रार घेऊन आला, “सर मला जाणूनबुजून त्रास देतात.” मॅडम म्हणाल्या, “त्रास दिला ते डावीकडे लिहिते. ‘जाणूनबुजून’ खंय लिवू? त्यांच्या डोक्यात जाऊन इलंस काय?” हाच न्याय वरच्यांनाही असायचा. उपप्राचार्य एकदा सांगायला आले की अमुक मुलगी उद्धट आहे हे सगळ्या कॉलेजला माहीत आहे. मॅडमनी उजवीकडे लिहिलं ‘सगळे कॉलेज’ आणि शांतपणे विचारलं, “सर, यातली दोन नावं सांगता?” सर जे उठून गेले ते परत आले नाहीत. हा किस्सा आम्ही कॅन्टीनमध्ये टाळ्या देऊन सांगायचो. स्वतः त्या खुर्चीत बसायची वेळ येईपर्यंत.

ती आली तीन वर्षांपूर्वी. हजेरी कमी म्हणून कॉलेजने बऱ्याच मुलांची हॉलतिकिटं अडवून ठेवली होती. मागणी दोन्ही संघटनांची एकच, पण एकत्र जाऊ तर आम्ही कसले! समोरच्यांनी मोर्चा अकराला ठेवला, म्हणून आम्ही साडेदहाला ठेवला. हे कळल्यावर ते दहालाच येऊन बसले. शेवटी दोन्ही मोर्चे ऑफिसच्या पायऱ्यांवर एकमेकांत घुसले. प्राचार्यांच्या हातात निवेदन आधी कोणी द्यायचं, यावरून ढकलाढकली. ऑफिसचं दुधी काचेचं दार शिपाई तावडेमामा आतून खांदा लावून धरून उभे. मी सगळ्यांत वरच्या पायरीवर, हातात भोंगा. मागे खळ्ळकन आवाज झाला. दाराची काच फुटली होती आणि तावडेमामांच्या तळहातातून रक्त वाहत होतं. दारापाशी समोरच्यांचा निखिल उभा होता. हातात हेल्मेट.

त्याच दिवशी दुपारी मी पत्रक लिहिलं. ‘समोरच्यांच्या गुंड टोळीने, निखिलच्या नेतृत्वाखाली, हेल्मेटचे घाव घालून काच फोडली व एका गरीब कर्मचाऱ्याला रक्तबंबाळ केले!’ झकास उतरलं होतं. आमचा नेता अभिजित म्हणाला, “मेघा, तोड नाही तुला.” ते पत्रक मी इतक्या जणांना वाचून दाखवलं की तिसऱ्या दिवसापर्यंत ते हेल्मेट काचेवर आपटताना मला स्वच्छ दिसायला लागलं होतं.

चौकशी बसली. कॅमेरा नेहमीप्रमाणे बंद. तावडेमामांनी सांगून टाकलं की दार ढकलताना मान खाली होती, कोणाचा हात ते दिसलं नाही. आमची मुलं एक सांगत होती, त्यांची दुसरं. दाराच्या सगळ्यांत जवळ होते मी.

“नाव सांग,” मॅडम म्हणाल्या.

“तुम्हाला माहीत आहे, मॅडम.”

“मला माहीत आहे. कागदाला नाही.”

नाव सांगितलं आणि मी माझं पत्रकच म्हणायला लागले. गुंड टोळीशी मॅडमनी थांबवलं.

“टोळी म्हणजे किती जण?”

“पंधरा-वीस असतील.”

“मोजलेस?”

“नाही.”

“मग ‘बरेच’ लिहिते. यात गुंड कोण कोण?”

“मॅडम, ती लिहायची पद्धत असते.”

“पद्धत पत्रकात. हयसर नाय.”

असं करत करत माझं अर्धं पत्रक उजवीकडे गेलं आणि अर्धं तर कुठेच गेलं नाही. मग मॅडमनी चष्म्यावरून बघितलं. “काच फुटली तेव्हा तू काय करत होतीस?”

“घोषणा देत होते. पायरीवरून.”

“घोषणा मुलांकडे बघून देतात ना? मग तोंड खंय होता तुझा?”

दार माझ्या पाठीशी होतं. हे तोपर्यंत खरोखरच माझ्या लक्षात आलं नव्हतं. बाहेर व्हरांड्यात अभिजित आणि आमची दहा पोरं उभी होती.

“मी वळले होते,” मी म्हटलं.

“फुटायच्या आधी की नंतर?”

“आधी. त्याने मारलेलं मी बघितलं.”

मॅडमनी डावीकडे लिहिलं. तिकडे ते एकच वाक्य होतं. मग वीजबिल वाचावं तसा त्यांनी मला माझा जबाब वाचून दाखवला. “बदलायचं असेल तर सहीच्या आधी सांग.” मी सही केली. त्यांनी झेरॉक्स माझ्या हातात दिली. “ही तुझी प्रत. सांभाळून ठेव.” चेहऱ्यावर काही नव्हतं. ना राग, ना ‘मला कळलंय हं’. मला तर त्याचाच राग आला.

पंधरा दिवसांनी समितीने ठरवलं की निखिलला एक वर्ष परीक्षेला बसू द्यायचं नाही. तो शेवटच्या वर्षाला होता. मुलुंडच्या एका कंपनीत नोकरी ठरलेली, निकाल दाखवला की रुजू. ते सगळं जाणार होतं. फाईल शुक्रवारी विद्यापीठात जायची होती. बुधवारी कॅन्टीनमध्ये तो माझ्या टेबलापाशी आला. “काय गं, मागे पण डोळे बसवलेस म्हणे? कुठे बसवून मिळतात? मला पण पत्ता दे ना.” आमची पोरं उठली. तो हसत निघून गेला, पण कपातला चहा त्याने तसाच टाकला होता.

त्या संध्याकाळी अभिजितचा फोन. “विजयाचं पत्रक काढ. आणि ‘प्रत्यक्षदर्शी कार्यकर्तीच्या निर्भीड साक्षीमुळे’ हे हेडिंगमध्ये टाकच, यार.”

साठ पोरांच्या मोर्चाला मी कायम ‘हजारोंच्या संख्येने’ लिहिलंय. हात कधी अडखळला नाही. ‘प्रत्यक्षदर्शी’ला अडखळला. तीन वेळा टाइप केलं, तीन वेळा पुसलं. मग बॅगेतली ती झेरॉक्स काढली. उजवीकडे पान भरलेलं. डावीकडे एकच ओळ, आणि तेवढीच खोटी.

गुरुवारी मधल्या सुट्टीत ऑफिसात गेले. मॅडम टेबलावर वर्तमानपत्र पसरून जेवत होत्या. भात आणि सुक्या बांगड्याची चटणी.

“मॅडम, जबाब बदलायचाय.”

“बदलता येत नाही. सही झालीय.”

“मग त्यातलं एक वाक्य खोडा.”

“खोडायचं नाही. खाली लिहायचं. आधी काय बोललीस तेही दिसलं पाहिजे, नंतर काय बोललीस तेही.” त्यांनी हात धुतले, फाईल काढली, पण पेन दिलं नाही. “हे लिहिलंस तर तुझ्यावर येईल.”

“येऊ दे!”

“घोषणा देऊ नको. बस. काय येईल ते ऐक, मग ठरव.” आणि त्यांनी एक एक करून सांगितलं. खोट्या जबाबाबद्दल कारणे दाखवा नोटीस. घरी पत्र. वर्षभर कॉलेजच्या कुठल्याही समितीवर, निवडणुकीत, कार्यक्रमात नाव नाही. “आणि तुझे मित्र तुला सोडणार. ते नियमात नाही, पण होणार.”

“तुम्ही मला घाबरवताय.”

“नाय गो. माहिती देते. घाबरायचं की नाही ते तुझं तू बघ.”

मी लिहिलं. माझी पाठ दाराकडे होती, आवाज ऐकून मी वळले, वळल्यावर निखिलच्या हातात हेल्मेट दिसले, मारताना दिसले नाही. मॅडमनी वाचून दाखवलं. सही झाल्यावर डबा माझ्याकडे सरकवत म्हणाल्या, “चटणी खा. तिखट आहे.” मी खाल्ली. डोळ्यांतून पाणी आलं आणि ते चटणीमुळेच आलं, असं आम्ही दोघी धरून चाललो.

मॅडमनी सांगितलेलं सगळं झालं, त्याच क्रमाने. निखिल ताकीद घेऊन सुटला आणि परीक्षेला बसला. मला नोटीस आली. ती टाइपही मॅडमनीच केली होती, एकही शब्द सौम्य न करता. देताना म्हणाल्या, “सात दिवसांत उत्तर. भावना लिहू नको, तारखा लिही.” अभिजितने माझ्याविरुद्ध पत्रक काढलं, ‘विकल्या गेलेल्या गद्दार प्रवृत्तीस ठेचून काढा’. ते वाचताना मला हसू आलं. गद्दार, विकलेली, प्रवृत्ती, ठेचून. सगळे शब्द माझेच, मीच त्याला शिकवलेले. समोरच्यांनी ‘सत्याचा विजय’ म्हणून माझा फोटो छापला, माझ्या परवानगीशिवाय. निखिलने आभार मानले नाहीत. मानावेत अशी माझी अपेक्षा नव्हती. होती, थोडी.

मॅडम रिटायर झाल्या तेव्हा त्यांनी निरोप समारंभ घेतला नाही. मी विचारलं तर म्हणाल्या, “लोक भाषणं करतील. मला लिहून घ्यायची सवय. उगाच त्रास.”

तेराव्याला मी दहिसरला गेले. त्यांची चाळ पडून तिथे आता टॉवर झालाय, सहाव्या मजल्यावरून नदी दिसते. दारात चपला काढताना मागून आवाज आला, “मेघा ना?” निखिल. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात कंपनीचं कार्ड. आम्ही जिन्यापाशी उभे राहिलो.

“तू मला कधी विचारलं नाहीस,” तो म्हणाला.

“काय?”

“मी फोडली की नाही.”

“फोडलीस?”

“हो.” तो नदीकडे बघत होता. “दार उघडेना म्हणून मारलं हेल्मेट. मागे मामा आहेत हे दिसलं नाही. आईशप्पथ.”

मला त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. म्हणजे माझ्या पत्रकातलं वाक्य खरं होतं! आणि मी, ज्याने काच फोडली त्याला सोडवण्यासाठी, नोटीस घेतली, मित्र घालवले, वर्षभर गद्दार म्हणून फिरले. पण जबाब खोटा होता. तो आजही खोटाच आहे, कारण मी पाहिलं नव्हतं. मी तो मागे घेतला ते चुकलं का? तिथे उभ्याउभ्या मी स्वतःला विचारलं. उत्तर ‘नाही’ असं आलं. राग मात्र गेला नाही. अजून गेलेला नाही.

“मला कशाला सांगतोस?” मी म्हटलं. “ज्यांचा हात कापला ते आत बसलेत.”

“आत्ता? इथे?”

“मग काय मुहूर्त काढायचाय?”

तावडेमामा खिडकीपाशी सतरंजीवर बसले होते. उजव्या हाताची दोन बोटं त्यांना अजून पूर्ण मिटत नाहीत, म्हणून चहाचा कप ते डाव्या हाताने धरतात. निखिल त्यांच्यासमोर खाली बसला आणि हळू आवाजात सगळं बोलला. मामांनी मध्ये एकदाही थांबवलं नाही. संपल्यावर कप खाली ठेवला.

“मोंडकरबाईंना सांगितलं होतंस?”

“नाही.”

“तुझी वाट बघत होत्या,” मामा म्हणाले. मानेने माझ्याकडे खूण करून त्यांनी निखिलला पुढे सांगितलं, “ही त्या दिवशी लिहून गेली ना, तेव्हा बाई मला म्हणालेल्या, ‘एक इली, तावडे. आता दुसरोय येतलो.’ रिटायर होईपर्यंत तुझी फाईल टेबलावरच ठेवलेली त्यांनी. कपाटात नाही टाकली.”