चुन्याच्या पुढची सत्तर पावलं

हे मी लिहावं का, याची मला अजून खात्री नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, तोही नोकरी संपल्यावर, एकतिसाव्या वर्षी. सध्या बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. वार्षिकांकासाठी नोकरीतल्या आठवणी लिहा, असं सरांनी सांगितलं तेव्हा मी दोनदा नाही म्हटलं. वाचणाऱ्याला फौजीकडून शौर्याची गोष्ट हवी असते. माझ्याकडे जी आहे ती अग्निशमनच्या गाडीवरच्या चार माणसांची आहे. लिहिण्यात चुका असतील. त्यांची माफी मागतो. बाकीच्याची मागता येत नाही.

मी निमलष्करी दलात शिपाई होतो. इकडची बोली येते म्हणून मला शेवटची दोन वर्षं आमच्याच गोंदिया जिल्ह्यात एका चौकीवर अटॅच केलं होतं. दरेकशाच्या पुढे, डोंगरातलं गाव. नाव लिहीत नाही. चौकीला लागून जंगल खात्याचा लाकूड डेपो, डेपोच्या पलीकडे चाळीसेक घरं आणि शाळा, आणि गावाच्या खालच्या अंगाला जुना तलाव.

पहाटे साडेचारला स्टँड-टू, म्हणजे हत्यारं घेऊन आपापल्या जागी सज्ज. सहाला आर.ओ.पी., म्हणजे रोड ओपनिंग पार्टी. गाडी जाण्याआधी रस्त्यात सुरुंग पेरलाय का ते पायी तपासायचं. पुढे डिटेक्टरवाला, त्याच्या मागे चुन्याची थैली घेतलेला जवान, दोन्ही बाजूंना कव्हर. तपासलेल्या रस्त्यावर चुन्याची रेघ पडत जाते. चुना संपला तिथे रस्ता संपला. पुढे चाक न्यायचं नाही, कुणाचंही. डिटेक्टर माझ्याकडे असे. दोन वर्षांत मी एकही पाऊल सोडलं नव्हतं.

मे महिना होता. सकाळी नऊ वीसला डेपोच्या बाजूने चौकीवर फायरिंग सुरू झालं. नक्षलवादी किती होते ते नंतरही नीट कळलं नाही. आमचे दोघे पहिल्या पाच मिनिटांत जखमी झाले. फायरिंग चाळीस मिनिटं चाललं. जाताना त्यांनी डेपो पेटवला. सागाच्या थप्प्या, बांबूचे भारे, तेंदूपत्त्याची पोती, सगळं उन्हाने वाळलेलं. वारा गावाकडे होता. फायरिंग सुरू झाल्यावर बाया आणि लेकरं शाळेत शिरली होती, आणि शाळा डेपोच्या कुंपणापासून शंभर पावलांवर. रानाच्या बाजूला अजून कोण दबून बसलंय हे माहीत नव्हतं, म्हणून त्यांना उघड्यावर काढता येत नव्हतं.

सव्वाअकराला एस्कॉर्टच्या मागे शहरातून अग्निशमनची गाडी आली. एकच. लीडिंग फायरमन पुरुषोत्तम कापगते, ड्रायव्हर हेतराम उईके आणि दोन फायरमन. कापगते पन्नाशीचे होते. उतरल्या उतरल्या त्यांनी मला विचारलं,

"शाळेत किती हायेत?"

"साठ-सत्तर."

"अन् तुमी इथं उभे राहून का पाहून राहिले? ते कुंपन तोडा, पाइप जाऊ द्या."

कुंपण आम्ही तोडलं. डेपो वाचवायचा त्यांनी प्रयत्नच केला नाही. आग आणि शाळा यांच्यामधली पट्टी ओली करत राहिले. त्यांच्याकडे ना बुलेटप्रूफ जॅकेट, ना हत्यार. आम्ही आडोशाला होतो, ते उघड्यावर. एका फायरमनने विचारलं, "रानातून मारतीन का हो?" कापगते म्हणाले, "मारतीन तं मारतीन. नोझल खाली नोको करू."

गाडीतलं पाणी किती वेळ पुरतं, हे मला तोवर माहीत नव्हतं. पूर्ण जोराने सोडलं तर दहा मिनिटंसुद्धा नाही. पाणी संपत आलं तेव्हा आमच्या हवालदारांनी मला बोलावलं.

"तालाब तक रास्ता खोल. किनारे तक, पानी तक. जल्दी."

"जी सर."

चुनेवाला जवान घेऊन मी निघालो. गावापासून तलावाच्या पाळीपर्यंत, मातीच्या बांधापर्यंत, इंच न् इंच तपासलं. पाळीवर पोचलो आणि खाली पाहिलं. उन्हाळ्याने पाणी आत गेलं होतं. पाळीपासून पाण्यापर्यंत सत्तर पावलं उतार, भेगाळलेली माती. त्या उतारावरून म्हशींच्या खुरांचे ठसे थेट पाण्यापर्यंत गेले होते, त्याच सकाळचे.

मी शेतकऱ्याचा पोरगा आहे. म्हशी जिथून गेल्या तिथे काही नसतं, हे माझ्या डोक्यात ट्रेनिंगच्या आधीपासून बसलेलं. ठशांकडे पाहून मी थांबलो. समोर उघडा उतार होता, रानातून सरळ दिसणारा. जवानाने विचारलं, "नीचे?" मी म्हटलं, "रहने दे." मग रेडिओ उचलला.

"ब्राव्हो-टू. किनारे तक क्लिअर. ओव्हर."

"चूना डाला?"

"डाला, सर."

चुना पाळीवरच संपला होता.

तीन-चार मिनिटांत गाडी आली. उईके काकांनी चुन्याच्या टोकाला ब्रेक मारला आणि खिडकीतून डोकं बाहेर काढलं. गळ्यात ओला टॉवेल होता.

"बाबू, चुना तं इथंच सपला."

कापगते पायी पुढे आले. पाणी ओढायचा जाड पाइप ते डोळ्यांनीच मोजत होते. "एवढा लांब पुरत नाही. खाली न्या लागन." मग माझ्याकडे वळले. "कोन्या गावचा तू?"

"आमगावकडचा."

"मंग आपलाच पोरगा होय. सांग, जाऊ द्यायचं का?"

खरं सांगायला ती वेळ पुरेशी होती. चार शब्द लागले असते. पण रेडिओवर मी क्लिअर बोलून बसलो होतो, आणि तपासलं नाही असं त्यांच्यासमोर म्हणायची मला लाज वाटली. तेव्हा ज्याची लाज वाटली ते आज किती लहान वाटतं.

मी हात केला. "जाऊ द्या काका, क्लिअर हाये. म्हशी जाऊन राहिल्या तं गाडीले का होते?"

उईके काका हसले. "म्हशीपेक्षा माही गाडी लय जाड हाये, बाबू." आणि त्यांनी गिअर टाकला.

बारा वाजून दोन मिनिटं झाली होती. म्हशीच्या पायाने न फुटणारं पुढच्या चाकाखाली फुटलं. केबिन राहिली नाही. उईके काका जागेवर गेले. कापगते गाडीच्या बाजूने चालत होते. ते पाळीच्या उतारावर येऊन पडले, आणि त्यांचा डावा पाय घोट्याखाली नव्हता. मी कमरपट्ट्याने त्यांची मांडी आवळली. गाडीमागून चालत आलेले दोन्ही फायरमन नुसते उभे होते.

कापगते त्यांच्यावर ओरडले, "माह्याकडं कायले पाहून राहिले बे? मागचा पंप काढा! शाळेत लेकरं हायेत!"

गाडीचा मागचा भाग शाबूत होता. उचलून नेता येणारा छोटा पंप तिथे बांधलेला होता. मी डिटेक्टर घेतला आणि तो उतार आता तपासला. दुसरं काही निघालं नाही. मागून फायरमनांनी आणि आमच्या दोघांनी पंप खांद्यावर आणला. पाण्यापर्यंत पोचल्यावर मी सवयीने घड्याळ पाहिलं. तपासायला चार मिनिटं लागली होती.

पाळीवरून गावापर्यंत पाइप जोडत नेले. कापगतेंना जीपमध्ये ठेवलं तरी ते आतून सांगत होते, कुठला जोड आधी, प्रेशर किती. जीप हलल्यावर आवाज बंद झाला. पावणेदोनला आग आवरली. शाळेचं एका बाजूचं छप्पर काळं पडलं. दोन गोठे जळले. शाळेतल्या एकालाही काही झालं नाही. हे त्या चौघांनी केलं. आमच्या अहवालात त्याला दीड ओळ होती.

संध्याकाळी हवालदार माझ्याजवळ आले. आजूबाजूला कुणी नाही हे पाहिलं. मग म्हणाले, "रेडियो पे तूने पाल तक बोला था. समझा?"

"समझा, सर."

चौकशी आठवड्याने झाली. अधिकाऱ्याने विचारलं, "चुना कुठपर्यंत होता?"

"पाळीपर्यंत, सर."

"गाडी चुन्याच्या पुढे गेली?"

"हो, सर."

हात कुणी केला, हे त्यांनी विचारलं नाही. मी सांगितलं नाही. दोन्ही उत्तरं खरी होती. अहवालात आलं की ड्रायव्हरने खूण ओलांडली.

पुढे त्या स्फोटामुळे माझ्या उजव्या कानाला ऐकू येणं कमी होत गेलं आणि मेडिकल बोर्डाने मला सोडलं. गावात सत्कार झाला. शाल घेतली. कापगते नागपूरला बरेच महिने होते, मग कृत्रिम पाय बसवून गोंदियाला परत आले, एवढं कानावर होतं. एकदा बाजारात ते मला दिसले. वांगी निवडत होते, काठी बगलेत धरून. मी गाडी वळवली. त्यानंतर दरवेळी ठरवायचो, पुढच्या रविवारी घरी जाऊन सांगीन. असे दोन उन्हाळे गेले.

हा लेख अर्धा लिहून झाला तेव्हा गाडीवरच्या इतर दोघांची पूर्ण नावं मला हवी होती. वर्गातल्या निखिलचा भाऊ फायरमन आहे, म्हणून निखिलला विचारलं. तो चार दिवसांनी कँटीनमध्ये आला.

"नावं आणली," तो म्हणाला. "पन कापगते साहेब गेले ना. मागच्या महिन्यात. शुगर वाढली होती म्हणते."

तो सांगत राहिला. फायर स्टेशनच्या भिंतीवर ड्यूटीवर प्राण गेलेल्यांच्या नावांचा फलक आहे. त्यावर हेतराम उईके हे नाव नाही, कारण अहवालात त्यांची चूक लिहिलेली आहे. कापगते दरवर्षी अर्ज करत, की ते नाव लावा. दरवर्षी उत्तर येई, गाडीवरच्यांशिवाय दुसरा साक्षीदार नाही.

"शेवटच्या अर्जाचा फोटो मारून आनला भावानं. पाहतो का?"

त्याने मोबाइल पुढे केला. अर्ज हाताने लिहिलेला होता, अक्षर मोठं. शेवटची ओळ अशी होती: "गाडी पुढे घेण्यास तेथील जवानाने हात केला होता. त्याचे नाव मला माहीत नाही, पण मुलगा आपल्याच आमगावकडचा होता. त्याला शोधून विचारावे, तो खरे सांगेल."