दिवाणखान्यात तालमीची माती

ठाण्याच्या कचेरीतले कारकून त्र्यंबकराव गणपुले कॉलेजच्या पहिल्याच परीक्षेत तीनदा आपटले होते. म्हणून नापासांना शिकवायचा हक्क सर्वांत जास्त आपलाच, असं ते छातीठोक सांगत. आणि शिकवत कुणाला? तर टेंभी नाक्याजवळच्या तालमीतल्या पैलवानांना! रोज सकाळी जोर-बैठका आटोपल्या की आखाड्याची तांबडी माती सपाट करायची आणि तिच्यावर बोटानं भूमिती काढायची. 'पैलवानाची अक्कल गुडघ्यात' म्हणणाऱ्यांचा त्यांना मनस्वी राग येई.

अठराशे शहाऐंशी साली त्यांच्यातलाच एक, दौलत, कॉलेजच्या चाचणीत भूमितीत नापास होऊन सुट्टीला आला. कोपरच्या मिठागरावर राबणाऱ्या घरातला हा पहिलाच कॉलेजात गेलेला. त्याचं शिक्षण वकील विश्रामपंतांच्या आधारावर चाललं होतं. पंतांनी निरोप धाडला, "तालीम सोड, नाहीतर कॉलेज सोड."

"दोन्ही करेल तो! घ्या परीक्षा," त्र्यंबकरावांनी उलट कळवलं.

रविवारी पंतांच्या दिवाणखान्यात दौलतपुढे कागद आला. काटकोन त्रिकोणाचा सिद्धांत. तालमीत शंभरदा सिद्ध केलेला! पण दौलत घामाघूम. लेखणी हलेना.

"मास्तर, मना येतंय," तो पुटपुटला, "पन कागदावर हात चालत नाय."

त्र्यंबकरावांच्या लक्षात आलं. मातीत शिकवण्याच्या नादात त्यांनी पोराच्या हाती कागद कधी दिलाच नव्हता. चूक दौलतची नव्हतीच, त्यांची होती.

"बघितलंत?" पंत हसले.

त्र्यंबकराव तडक उठले आणि तालमीकडे निघाले. मारुतीला हात जोडून त्यांनी उपरण्यात माती भरली आणि गाठोडं काखेत मारून परत येताच पंतांच्या गालिच्यावर सगळी माती ओतली.

"अहो, हे काय!" पंत ओरडले.

"पाटी," त्र्यंबकराव म्हणाले. "दौलत, ऊठ."

दौलतनं मातीची चिमूट कपाळाला लावली, गुडघे टेकले आणि बोट फिरू लागलं. त्रिकोण, त्याच्या बाजूंवर तीन चौरस. प्रत्येक पायरीचं कारण तो खणखणीत सांगत गेला. पंतांनी मध्येच दोनदा अडवलं. दोन्हीदा पठ्ठ्यानं न अडखळता उत्तर दिलं.

"विद्यापीठाच्या परीक्षेत माती नसते, त्र्यंबकराव," पंत अखेर म्हणाले.

"ठाऊक आहे. दोन महिने आहेत. मातीवरून कागदावर मी आणतो त्याला. तो माझा दोष, मी निस्तरीन. पण त्याची तालीम सुटणार नाही."

पंतांनी वाकून ते चौरस पुन्हा एकदा पाहिले. "बरं, कॉलेज चालू राहील," ते म्हणाले आणि त्यांनी गड्याला झाडू आणायला हाक मारली.

"झाडू लावायचा नाही!" त्र्यंबकराव दारात आडवे आले. "तालमीची माती आहे ही. हातानंच उचलायची."

गडी पंतांकडे बघत थांबला. पंतांनी पगडी काढून तिवईवर ठेवली, धोतर सावरलं आणि दौलतशेजारी उकिडवे बसून माती ओंजळीत घेतली.