पेन्सिलीखालचा के

अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, सहीपलीकडे लिहिता येत नव्हतं. पण त्यांची एक वही होती. सातिवलीच्या पत्र्याच्या शेडमध्ये ते गाड्यांची इंजिनं उतरवायचे, बसवायचे. काम झालं की चॅसिस नंबरावर पातळ कागद धरायचा, वरून पेन्सिल आडवी घासायची आणि उठलेली छाप नीट कापून घ्यायची. आरटीओच्या कागदांना अशी छाप जोडावीच लागते. अण्णा एक जादा काढायचे आणि वहीत खळीने डकवायचे. मग कधीतरी पान उघडून बोट ठेवायचे. ही डॉक्टरची. ही बर्फवाल्याची. कुठली छाप कुठल्या गाडीची, ते त्यांना न वाचता कळायचं.

आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. बी.एस्सी., फर्स्ट क्लास. हे मी कुठेही सांगते, आणि इथे तर सांगायलाच हवं. तुळिंजच्या आमच्या दोन खोल्यांत कुठलाही कागद आला की तो आधी माझ्यापुढे यायचा. इंग्रजीतला असला तर शेजारचेही दारात उभे राहायचे.

मी पहिल्या वर्षाला असताना वटारची गाडी आली. मस्टँग, साठच्या दशकातली. लांबलचक नाक, मागे उतरत गेलेलं छत, पुढच्या जाळीत पळणारा घोडा, स्टिअरिंग डाव्या बाजूला. मालक वटारचे एक ख्रिस्ती बागायतदार, आम्ही त्यांना काका म्हणायचो. घरात ते त्यांच्या बोलीत बोलत. आमच्याशी मात्र आमच्यासारखं. त्यांचा थोरला भाऊ मुंबईत एका परदेशी साहेबाचा ड्रायव्हर होता. साहेब मायदेशी जाताना गाडी त्याला देऊन गेला. पुढे भाऊ वारला. जाताना एवढंच म्हणाला होता, हिला भंगारात घालू नकोस.

"मिस्त्री, रविवारी मिस्साला जाऊन येईपर्यंत ही माझ्यापेक्षा जास्त पिते," काका अण्णांना म्हणाले. "डिझेल करून द्या."

तेव्हा सगळेच करून घेत. पेट्रोलची मोठी गाडी, तिचं इंजिन काढायचं, टेम्पोचं डिझेल इंजिन बसवायचं. पण या गाडीत ते बसवायचं म्हणजे खेळ नव्हता. अण्णांनी इंजिन टेकायला नवे पाये वेल्ड केले, शाफ्ट कापून पुन्हा जोडला, जुन्या खोक्यांचे पुठ्ठे कापकापून मापं घेतली. बॉनेट एक सूतभरही न उचलता बंद झालं तेव्हा आजूबाजूच्या गाळ्यांतले मिस्त्री बघायला आले. "कंपनीनं पण असं बसवलं नसतं," एक जण म्हणाला. ते वाक्य अण्णा दहा वर्षं सांगत होते.

जुनं आठ सिलिंडरचं धूड काकांनी वाडीत ठेवायला नको म्हटलं. अर्नाळ्याच्या एका नाखव्याने ते होडी बांधायला वजन म्हणून नेलं आणि बदल्यात टोपलीभर सुके बोंबील आणून दिले. आईने ते पावसाळाभर पुरवले.

गाडीच्या पुढच्या दोन्ही बाजूंना पत्र्यावर चकचकीत इंग्रजी पट्ट्या होत्या. अण्णांनी त्याही काढल्या, भोकं भरून घेतली.

"छान दिसत होत्या की," मी म्हटलं.

"ज्या इंजिनाच्या त्या होत्या ते गेलं. खोटं लिहून फिरायचं?"

एक पट्टी काढताना मोडली. दुसरी त्यांनी घरी आणून माझ्या पुस्तकांच्या फळीला स्क्रूने बसवली. "इंग्रजी आहे. तुझ्या फळीला शोभेल." वर हाय परफॉर्मन्स, खाली दोनशे एकोणनव्वद. खालच्या आकड्याचं मला काही पडलं नव्हतं. वरचे शब्द बघत मी तीन वर्षं अभ्यास केला. खरं सांगते, मला ते माझ्याबद्दल लिहिलेले वाटायचे.

इंजिन बदलल्याचा आरटीओचा अर्ज मीच भरला, आणि छापही त्या वेळी मीच काढली. इंजिनाशेजारच्या पत्र्यावर कोरलेले आकडे कागदावर एकेक उमटले. सहा, आर, शून्य, नऊ, के आणि पुढे क्रमांक. ते मी सुवाच्य अक्षरात अर्जावर उतरवले. आरटीओतल्या साहेबाने अर्ज बघून कोणी लिहिला म्हणून विचारलं, त्याचा आनंद मला आठवडाभर पुरला.

दहा वर्षं गेली. मी शाळेत विज्ञान शिकवायला लागले होते. एका शुक्रवारी काकांचा फोन आला. ते थकले होते, मुलं परदेशात. मुंबईचे एक गृहस्थ रविवारी गाडी बघायला येणार होते. असल्या जुन्या अमेरिकन गाड्या ते जिवापाड सांभाळतात म्हणे.

"ते नंबर विचारतात, बाय. त्यावरनं त्यांना सगळं कळतं. मला दिसत नाही आता. तू शिकलेली, तू सांग. गाडी चांगल्या घरी गेली की मी भावाला तोंड दाखवायला मोकळा."

गाडीपर्यंत जायची गरजच नव्हती. मी वहीतलं पान काढलं. म्हटलं, नंबरावरून सगळं कळतं ना, मग आपणच आधी बघू. शाळेतून येताना स्टेशनजवळच्या सायबर कॅफेत गेले. इंटरनेटवर एका शौकिनाने सगळी कोष्टकं घालून ठेवली होती. पहिला सहा म्हणजे सहासष्ट साल. आर म्हणजे कारखाना कुठला ते. शून्य नऊ म्हणजे उतरत्या छताची गाडी. पाचवं अक्षर इंजिनाचं. टी असेल तर साधं सहा सिलिंडरचं. सी असेल तर आठ सिलिंडरचं, ए असेल तर त्याहून जोरकस. आणि के असेल तर थांबा, असंच लिहिलं होतं. के फार थोड्या गाड्यांत. शर्यतीच्या तोडीचं इंजिन, वेगळं जुळवलेलं, त्यावर गाडीचाच नंबर ठोकलेला. ओळखायची बाहेरची खूण: पुढच्या पत्र्यावर एक पट्टी. शेजारी फोटो.

फोटोत माझी फळी होती. म्हणजे पट्टी होती, पण मला तिच्याभोवती माझी पुस्तकंच दिसली.

कॅफेवाल्याने वेळ संपल्याचं दोनदा सांगितलं. मी कागदावरच्या के वर बोट ठेवून बसले होते. हे अक्षर माझ्याच पेन्सिलीखालून आलं होतं. अण्णांना वाचता येत नव्हतं. मला येत होतं.

घरी अण्णा रविवारसाठी पांढरा शर्ट इस्त्री करून घेत होते. गाडी दाखवायला काकांनी त्यांनाही बोलावलं होतं. त्यांना बॉनेट उघडून दाखवायचं होतं. मी गप्प राहिले असते तर त्या गृहस्थाने त्यांना तिथे, सगळ्यांसमोर सांगितलं असतं. म्हणून सांगितलं.

त्यांनी पूर्ण ऐकलं. मग विचारलं, "म्हणजे गाडीत तेवढं एकच काय ते होतं?"

"तेवढंच नाही. पण मुख्य ते."

"आणि मी ते बोंबलांवर दिलं."

शर्ट खुर्चीवर तसाच पडला.

रविवारी मात्र अण्णा माझ्याबरोबर वटारला आले, रोजच्याच शर्टात. गृहस्थ बॉनेटवर वाकले आणि कितीतरी वेळ तसेच राहिले. वर आले तेव्हा चेहरा उतरला होता. "हे कोणी केलं?"

काका म्हणाले, "मी करून घेतलं."

"मी केलं," अण्णा म्हणाले. "माझ्या हातानं काढलं. काय आहे ते विचारलं नाही कुणाला."

इंजिन कुठे आहे विचारल्यावर अण्णा, मी आणि ते गृहस्थ असे आम्ही तिघं गृहस्थांच्याच गाडीने अर्नाळ्याला गेलो. काका वाडीतच थांबले. ओहोटी होती. नाखवा जाळं शिवत बसला होता.

"हाय की. पान्यात नाय आता, चिखलात हाय," तो म्हणाला. "मिस्त्री, लय भारी वस्तू दिली तुमी. दोन वादळं झाली, होडी हलली नाय."

अण्णा गुडघाभर चिखलात गेले. शिंपल्यांनी भरलेलं एक ढेकूळ होतं ते, वर दोर गुंडाळलेलं. त्यांनी शिंपले नखाने खरवडले, खिशातून पातळ कागद काढला, पेन्सिल काढली. ती ते घरून घेऊन निघाले होते, हे मला तेव्हा कळलं. कागदावर नुसती तांबूस भुकटी आली. त्यांनी जागा बदलून पुन्हा घासलं. तिसऱ्यांदा गृहस्थच म्हणाले, "राहू द्या, मिस्त्री."

"बसेल का परत?"

गृहस्थांनी नकारार्थी मान हलवली. गाडी मात्र त्यांनी नेली. तसलं दुसरं इंजिन मिळेल का ते बघतो म्हणाले, आणि काकांचा हात हातात घेऊन भंगारात घालणार नाही असं सांगितलं. काकांना तेवढं पुरलं. अण्णांना नाही.

घरी आल्यावर मी फळीची पट्टी काढली. नंतर ती मुंबईला पाठवली. इंजिन मिळालं तर लावा, नाहीतर लावू नका, असं अण्णांनी मला चिठ्ठीत लिहायला लावलं. फळीवर भोकं राहिली. ती मी भरली नाहीत.

त्या रविवारी संध्याकाळीच अण्णांनी वही पुढे सरकवली. जुन्या छापेखाली तांबूस कागद डकवलेला होता.

"खाली लिही. मी चुकलो."

मी लिहिलं. त्यांनी वही उजेडाकडे धरली, बोटाने अक्षरं चाचपली.

"दोनच शब्द सांगितले होते. पहिला एवढा लांब का?"

"बरोबर आहे, अण्णा."

मी 'आम्ही' लिहिलं होतं. त्यांनी वही मिटली.