हाकेला ओ

चांगो विडी अर्धीच ओढायचा. उरलेली कानामागे ठेवून विसरायचा. बसण्याआधी जागा हाताने झाडायचा, कातळ असला तरी. ओढ्यावर आधी वाघ्या कुत्र्याला पिऊ द्यायचा, मग स्वतः वाकायचा. आणि कुणीही हाक मारली, अगदी दरीपलीकडून, तरी 'ओ' द्यायचा. कोण ते कळायच्या आधीच.

ही शेवटची सवय सहदेवला लहानपणापासून ठाऊक होती. सहदेव खालच्या गावातल्या शेतकऱ्याचा मुलगा, नुकताच मुंबईहून बी. ए. होऊन आलेला. चांगो डोंगरावरच्या ठाकूरवाडीतला, वयाने दुप्पट. खेकडे कसे धरायचे ते त्यानेच सहदेवला शिकवलं होतं.

मृग आठ दिवसांवर आला आणि वाघ्याने खाणं सोडलं. डोळ्यांत पू, मागचे पाय लटपटत. चांगोलाही एक दिवसाआड थंडीताप येत होता. घरात कांबळं एकच. ते कुत्र्याच्या अंगावर.

"मला ताप आला तवा नाय झाला हा लाड," त्याची बायको भागी म्हणाली.

"तू कण्हून सांगतेस गं. त्यानं कुनाला सांगायचं?"

वाडीतल्या म्हाताऱ्या मंगळीने एक मुळी सांगितली. वरच्या घळीत सापडते. ज्याचं जनावर त्यानेच खणायची आणि घरी येऊन उगाळेपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. बोललं की मुळीचा गुण गेला.

ताप नसलेल्या दिवशी चांगो पहाटेच घळीकडे गेला. त्याच सकाळी सहदेव त्याच्यासाठी खालापूरच्या दवाखान्यातून आणलेलं हिवतापावरचं कोयनेल घेऊन वाडीकडे चढत होता. उतारावर त्याला चांगो दिसला. पाय झोकांड्या खात होते, एक मूठ छातीशी घट्ट.

"चांगोदादा!"

चांगोने मान फिरवली नाही.

"चांगोदादा, अहो, मी सहदेव!"

चांगोने ओठ दातांत धरले आणि पाय उचलला. हाकेला ओ न देणारा चांगो सहदेवने कधी पाहिला नव्हता. ताप डोक्यात गेला, असंच त्याला वाटलं. तो धावत गेला, दंड धरून हलवला आणि कानाशी ओरडला, "चांगोदादा!"

"ओ."

बोलून गेल्यावर चांगोने तोंडावर हात ठेवला. मग मूठ उघडून मुळीकडे पाहिलं आणि ती वाटेच्या कडेला ठेवली. टाकली नाही, ठेवली.

घरी पोचल्यावर सारं भागीने सांगितलं. "कशाला रं हाक मारलीस, सहदेव?"

"मला माहीत नव्हतं, वहिनी."

"मला म्हाईत व्हतं ना," चांगो म्हणाला. "तोंड माजं. त्याचा काय दोष?"

कोयनेलची पुडी त्याने आढ्याला खोचली. वाघ्या उठू दे, मग घेतो, म्हणाला. दुसऱ्या दिवशी पुन्हा जायचं ठरलं. पण तो तापाचा दिवस होता. तो उंबऱ्यापर्यंत रांगत गेला आणि तिथेच पडला. तिसऱ्या दिवशी सकाळी वाघ्या गेला.

त्या मुळीने कुत्रा वाचला नसता, असं सहदेव स्वतःला सांगत राहिला. मग आठवायचं, की हे आपल्याला कुणी शिकवलेलं नाही. आपण नुसते तसं धरून चाललो आहोत.

तो रोज वर जाई. दारातून हाक मारी. चांगो डोळे उघडून बघायचा, ओळखायचाही. ओ मात्र देत नव्हता. पुडीकडे बोट दाखवलं की भिंतीकडे तोंड फिरवायचा. पाचव्या दिवशी सहदेवने हाक मारली तेव्हा डोळेही उघडले नाहीत.

चांगोचे दिवस झाल्यावर भागीने सहदेवला पडवीत नेलं. चांगोने या पावसासाठी बांधायला घेतलेलं इरलं तिथे होतं. नेहमीपेक्षा लांब. डोक्यावरून पाठीवर, आणि पाठीमागे आणखी हातभर.

"वाघ्या भिजतो म्हनं मागं चालताना," ती म्हणाली.

माणसापुरती पळसाची पानं लावून झाली होती. मागच्या हातभर भागात नुसत्या बांबूच्या कामट्या होत्या. पानांची एक चवड शेजारी ठेवलेली, वाळून मुरडलेली.